खरखर कुणाच्या गळ्यातली?

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. तिकडे सगळे ठणठणीत असाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझी प्रकृती उत्तम आहे, संगणकाची नाही.

तुम्ही हौसेने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स बसवून गेलात (फुकट मिळतं, एवढं कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं), तेव्हापासून त्याचा घसा बसला आहे. काहीही लावलं की आधी खर्रर्र, मग गाणं. स्पीकर पुसले, वायरी उपटून पुन्हा खोचल्या, टेबल भिंतीपासून हलवलं. शेवटी टॉवेल पांघरून त्याला वाफाराही दिला (तुमची ताई घरात असती तर दिला नसता, टॉवेल तिचा आहे). उजवा स्पीकर तेव्हापासून मौनात आहे.

ताई घरात का नाही हे तुम्हाला माहीतच आहे, कारण ती तुमच्या घरात आहे. पण तुम्ही ऐकलेली हकिगत एकतर्फी आहे. गायनवर्गाच्या कार्यक्रमासाठी तिने गाणं रेकॉर्ड केलं. तिची पद्धत अशी, की एक ओळ गायची, रेकॉर्डिंग बंद करायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग पुढची ओळ. त्यामुळे एका गाण्याच्या ढीगभर फायली. मी चष्मा सावरत एकेक लावली आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी खर्रर्र! आता कुठल्याही समंजस माणसाचा काय ग्रह होईल? मी एवढंच म्हणालो, की एकदा घसा डॉक्टरला दाखव. तिने कार्यक्रमातून नाव काढून घेतलं आणि बॅग भरली.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की दुसरी गाणीही तशीच खरखरतात. पुढे इंटरनेटवरच्या एका अनोळखी लिनक्सवाल्याने निदान केलं. काही वाजत नसलं की साउंड कार्ड वीज वाचवायला डुलकी काढतं आणि उठताना खरखरतं. म्हणजे मी पुढची ओळ शोधेपर्यंत त्याची एक झोप होत होती! त्याला जागं ठेवणारा आदेशही त्या भल्या माणसाने पाठवला. मी तो लिनक्सच्या काळ्या खिडकीत टाइप केला. स्क्रीनवरची सगळी अक्षरं मुंगीएवढी झाली. खरखर जागच्या जागी. आता मात्र ती पार गेली आहे. कशी, ते विचारू नका.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो पुढचं वाचूनही टिकावा.

तुमचा,
भावोजी

ता. क. ताईला सांगा, की खरखर तुम्ही बसवलेल्या लिनक्सची होती आणि सगळा दोष तुमचा. तुम्ही भाऊ, तुम्हाला ती घटकाभरात माफ करेल. माझ्या बाबतीत अंदाज येत नाही.

आणखी एक ता. क. खरखर कशी गेली ते सांगतो, पण तिला कळू देऊ नका. कार्ड झोपू नये म्हणून तिच्या सगळ्या ओळी दिवसभर एकामागून एक लावून ठेवतो. गाणं थांबलं की खरखर येते, म्हणून थांबवतच नाही. फार सुंदर गाते हो ती. काल शेजारीण दारातून म्हणाली, वहिनी आल्या वाटतं. मी हो म्हणून बसलोय. तेवढं मला खोटं पडू देऊ नका.