फळा परत भिंतीवर

प्रिय अहो,

जिंकलो! तुम्ही असता तर ही बातमी आधी खडूने फळ्यावर गेली असती आणि मला संध्याकाळी शेजारणीकडून कळली असती. म्हणून या खेपेला मीच तुम्हाला कळवते आहे. हायकोर्टाने फळा काढायचा हुकूम रद्द केला, आणि आज सकाळी तो विहाराच्या भिंतीवर, जुन्याच खिळ्यांवर परत चढला.

घरात तुमच्या तोंडून दोन शब्द काढायचे तर नाकी नऊ यायचे. भाजीत मीठ नाही, हेसुद्धा सांगायचा नाहीत. फळ्यावर मात्र केवढं बोलायचात! कोणाची मुलगी पास झाली, कोण गेलं, कुठली नाली तुंबली. रोज सकाळी ओल्या फडक्याने मी कालचं पुसायचं आणि तुम्ही आजचं लिहायचं, असा आपला संसार. गेलेल्या माणसाची बातमीही दुसऱ्या दिवशी पुसायला लावायचात. जागा जिवंतांना लागते, म्हणायचात.

मग एक दिवस ती ओळ लिहिलीत. ‘टाकीचं उद्घाटन झालं. पाणी कुठे आहे?’ एवढंच! ना शिवी, ना कोणाचं नाव. तरी टाकीची फीत कापणाऱ्या पुढाऱ्याला झोंबली, आणि वस्तीत अशांतता पसरते असं कारण दाखवून त्याने महापालिकेचा हुकूम आणला, फळा उचलून नेला. मी म्हटलं, जाऊ द्या, नवा आणू. तुम्ही चप्पल घालत म्हणालात, "गोष्ट फळ्याची नाही वं. इचारायचा हक्क नेला त्यायनं. तो का बाजारात भेटते?" आणि निघालात वकिलाकडे.

खटला चालू असतानाच आजारी पडलात. धंतोलीच्या दवाखान्यात नाकात नळी, तरी तुमचं आपलं, "तारीख लागली का वं?" माझ्याशी बोलायला दुसरं काही नव्हतं का हो? तो राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते.

तुम्ही गेलात तेव्हा शेजारची मालू रडत आली. "काकू, काकांची बातमी कुठं लिहायची?" वस्तीतल्या प्रत्येकाचं जाणं तुम्ही लिहिलंत, आणि तुमच्या वेळी भिंतीवर नुसते खिळे! तेव्हा मी पेटले. आपल्या वकीलबाईंना सांगून अर्जात तुमच्या जागी माझं नाव लावलं.

पुढाऱ्याचा माणूस घरी येऊन गेला. ऐटीत तुमच्या खुर्चीत बसला, चहा प्यायला आणि म्हणतो कसा, "काहून कोर्टाच्या चकरा मारून राहिल्या काकू? काका चुकले, एवढं लिहून द्या. फळा उद्याच घेऊन जा."

मी त्याच्यासमोरचा कप उचलला. म्हटलं, "त्यायनं लिहिलेलं रोज मीच पुसलं. हे नाही पुसत गा."

निकाल इंग्रजीत. मला ओ की ठो कळेना. वकीलबाईंनी माझा हात दाबला, तेव्हा समजलं. प्रश्न विचारल्याने शांतता बिघडत नाही, असं न्यायाधीश म्हणाले म्हणे. अहो, हेच तर तुम्ही चप्पल घालता घालता सांगितलं होतं! बाहेर येऊन मी हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

आज सगळी वस्ती लोटली होती. ढोल काय, गुलाल काय, घमेलंभर आलुबोंडे काय! पण खडू कोणी धरायचा? सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मीच घेतला, पण ओळी वर चढत गेल्या. हसू नका! वर तुमचाच प्रश्न लिहिला, एक शब्द न बदलता. पाणी अजून आलंय कुठे?

आणि खाली तुमची राहून गेलेली बातमी लिहिली. नाव, आणि पुढे ‘आपल्यात नाहीत’. ढोल थांबला. मग मालूने टाळी वाजवली आणि अख्खा चौक वाजवू लागला. कोणाच्या जाण्याच्या बातमीला टाळ्या पडलेल्या ऐकल्यात कधी? किती अभिमान वाटला तुमचा!

आता शब्द देते. रोज चहाच्या आधी खडू हातात घेईन. वरची ओळ पाणी येईपर्यंत पुसणार नाही, मग कोणीही येऊ दे. पण उद्या सकाळी ओलं फडकं घेऊन तुमची बातमी मात्र पुसणार आहे. रागावू नका, नियम तुमचाच आहे. मागच्या गल्लीतली नाली पुन्हा तुंबली आहे, तिला जागा हवी.

तुमची,
आता लिहिणारी,
कमल