या वेळी चीक टाकायचा नाही

३ जुलै, गुरु.
सातवा लागला. डॉ. म्हणाल्या, सगळं उत्तम. विचारलं, आणि दुधाचं? "येतं हो आपोआप!" ओवीच्या वेळीही हेच ऐकलं होतं. सिझर झालेलं, मी ग्लानीत. सासूबाईंनी चीक, ते पहिलं घट्ट दूध, पिळून मोरीत टाकायला लावला, वर बाळाला मधाचं बोट. मग 'पुरत नाही, पुरत नाही' करत पावडरचा डबा. ओवी ठणठणीत आहे, देवाची कृपा. पण माझ्या जिवाला लागलंय ते लागलंयच.

१२ जुलै, शनि.
कोथरूडातच स्तनपानाचा वर्ग सापडला. मेधाताई शिकवतात. नितीनला म्हटलं, चल. "मी तिथे काय करू?" नको येऊस बाबा. बाहुली छातीशी धरायला शिकले. ताई म्हणाल्या, चीक थोडाच येतो, बाळाला तेवढाच पुरतो. म्हणजे तेव्हा माझं काही कमी नव्हतंच! येताना रडू आवरेना. रिक्षावाला घाबरून, "ताई, हळू घेऊ का?"

१९ जुलै, शनि.
बाळंतिणीजवळ एकालाच थांबू देतात. ताई म्हणतात, ठाम माणूस निवडा. माझी आई असती तर... नितीनला सुई दिसली तरी घेरी येते. शेजारच्या वैशालीला विचारलं. लगेच हो म्हणाली.

२ ऑगस्ट, शनि.
सासूबाई शनिवार पेठेतून खरवस घेऊन आल्या. मी फटकन बोलले, "गाईचा चीक वेलदोडा घालून खायचा, आणि माझा मोरीत?" त्यांनी चमचा खाली ठेवला. माझ्या जिभेला हाड नाही.

९ ऑगस्ट, शनि.
वर्गात बघते तर सासूबाई! स्वतःहून आलेल्या. मागे बसल्या. ताईंनी विचारलं, तुमच्या वेळी कसं होतं? "माझ्या सासूनं टाकायला लावला. रडले होते मी. आणि सुनेला तेच सांगितलं. दुसरं माहीतच नव्हतं हो."
बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अगं, तुझ्याजवळ मी थांबू का? कोणाला मध लावू देणार नाही."
"वैशालीचं ठरलंय, आई."
"बरं बरं. शिकलेली आहे ती."
बसमध्ये चढताना मागे वळूनही पाहिलं नाही त्यांनी.

११ ऑगस्ट, सोम.
काल सासूबाईंना फोन लावला, 'तुम्हीच थांबा' म्हणायचं सोडून ओवीचंच बोलत बसले. ऐन वेळी त्यांनी कच खाल्ली तर? आणि वैशालीला काय सांगू? खरवसाचा डबा घासून ओट्यावर ठेवलाय. नितीन उद्या तिकडे जाणार. डबा रिकामा परत करायचा नसतो. काय घालू त्यात?