‘पक्का’ म्हणायचं राहून गेलं होतं

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. जिवंतपणी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, समोरासमोरची भांडणं काय कमी होती! पण काल तुमच्या चेल्यानं, आपल्या देविदासनं, बॉक्सिंगमध्ये दिल्लीच्या चॅम्पियनला हरवलं, आणि ही बातमी तुम्हाला माझ्याआधी कुणी सांगावी हे मला चालायचं नाही.

आठवतं, त्याला मोठ्या सामन्यात उतरवा म्हणून सगळं नागपूर तुमच्या मागे लागलं होतं? हेवीवेटमधला समोर येईल तो गडी त्यानं पहिल्याच फेरीत झोपवला होता. तुम्ही मात्र हटून बसलात. कारण सांगितलंत ते फक्त मला, "त्यानं मारलेलं सगळ्यायनं पाह्यलं. त्याले लागल्यावर काय होते, थे कोनं पाह्यलं?"

जन्माची सवयच ती तुमची! कोळशाच्या खाणीत काठीनं छत ठोकायचं, कान देऊन ऐकायचं. तुम्ही "पक्का!" अशी आरोळी दिली की मगच माणसं त्याखाली जायची. भद्द वाजलं तर कुणालाही पुढे सोडायचं नाही.

मी चिडवायची, "पोरगं का मडकं हाये, ठोकून पाहाले?"

"मडकं घेतानी तू नाही ठोकत का वं?" म्हणायचात.

पण एक राग अजून आहे. त्या पोराला कारण का नाही सांगितलंत? त्याला वाटलं, उस्तादांचा आपल्यावर भरवसाच नाही. दोन महिने तो अंगणात फिरकला नाही. आणि चप्पल वाजली की तुम्ही दाराकडे बघायचात! तसेच गेलात.

तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं तो दारात येऊन ढसाढसा रडला. "काकू, आता मले कोन सांगन, मी तयार हावो का नाही?"

मला ठोशांतलं काय कळतं? पण ऐकणं तुमच्याकडून शिकले होते. अंगणातल्या तुमच्या रिंगच्या कडेला खुर्ची टाकली, डोळे मिटले आणि दोन दांडग्या गड्यांना त्याला मारायला लावलं. ठोसा बसला की त्याचे पाय गप्प व्हायचे. भद्द! तुमचंच खरं होतं हो. आठ महिने रोज तेच. मग एका संध्याकाळी ठोसा बसला आणि फळ्यांवरचा पायांचा आवाज थांबलाच नाही. मला तिथेच हसू फुटलं.

काल रिंगमध्ये चढण्याआधी ग्लोव्हज घातलेल्या हातांनी त्यानं माझे पाय धरले. "काकू, उस्तादांचा थो शब्द?"

छत कोसळलं तर दोष शब्द देणाऱ्याचाच ना? तरी म्हटलं, "पक्का!"

दुसऱ्या फेरीत चॅम्पियनचा असा ठोसा बसला की अख्खं पटांगण ओरडलं. त्या गलक्यात पाय कुठले ऐकू येणार? डोळे उघडावेच लागले. बघते तर देविदास पुढेच चाललेला! तिसऱ्या फेरीत त्यानं त्या धिप्पाड माणसाला दोरापर्यंत रेटत नेऊन मारलं. पंचांनी त्याचा हात वर केला तेव्हा मी ओरडत होते. खुर्चीवर उभी राहून! तुमची बायको!

मेडल त्यानं घरी येऊन तुमच्या काठीला अडकवलं आहे.

आता माझं वचन ऐका. या दारात जो येईल त्याला नीट ठोकून पाहीन, कुणी कितीही घाई करो. पण पक्का निघाला, तर त्याच दिवशी त्याच्या तोंडावर सांगीन. तुमच्यासारखं मनात ठेवून जाणार नाही.

तुमचीच,
कालपासून जिला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात ती
गिरजा