डाव्या गुडघ्यावरचा हात

मैसूर, सोमवार

प्रिय शर्वाणी,

काल तू वीणा घेऊन पाऊण तास मांडी घालून बसलीस. अज्जी घड्याळाकडे बघत होती आणि मी तुझ्या डाव्या गुडघ्याकडे. काय वाजवलंस ते विचारू नकोस, माझ्या कानात काही शिरलंच नाही. गुडघा जमिनीपासून चार बोटं वर होता आणि थरथरत नव्हता, एवढंच कळलं. वाजवून झाल्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "गोळ्यांनी नाही हं, नंजुंडाच्या श्वासानं बसले मी." तुझे अप्पा हसले. "म्हणजे इंजिनियरनं कॉलेज अर्ध्यात सोडलं ते आपल्या पथ्यावरच पडलं म्हणायचं!" अज्जीनं माझ्या पानात तिसरी पुरणाची ओबट्टू टाकली. मी मान खाली घालून तीही खाल्ली.

मी कॉलेज का सोडलं हे तुला ठाऊक आहे. तिसऱ्या वर्षी वर्कशॉपमध्ये सरांच्या अंगावर हातोडी फेकून निघून आलो. हातोडी त्यांना लागली नाही, पण मी पुन्हा त्या दाराशी गेलो नाही. त्यानंतर शेषाद्री मास्तरांच्या योगशाळेत चटया अंथरायला लागलो. मास्तर मला "पेटलेली चूल" म्हणायचे. त्यांच्याकडे मदतनीस व्हायचं तर पहिले सहा महिने नुसता हात ठेवायचा, दाब द्यायचा नाही. शिकणाऱ्याच्या पाठीवर तळवा, आणि डोळे मिटून सांगायचं, श्वास आत चाललाय की बाहेर. मी तीन वेळा नापास झालो. "तुझा हात बोलतो फार, ऐकत नाही," म्हणायचे. नंतर दाबायची परवानगी दिली तेव्हा एकच नियम सांगितला. श्वास बाहेर पडत असेल तेव्हाच हात पुढे जाईल. आत येताना हात दगडासारखा थांबेल. आत घेतलेला श्वास म्हणजे त्या माणसाचं बंद दार, आणि बंद दारावर लाथ मारायची नसते.

हे सगळं तुला परत का सांगतोय, ते पुढे येईल. मला थोडं लांबवू दे.

तू योगशाळेत आलीस ती वीणेसाठी. अर्ध्या तासात तुझा डावा खुबा आखडायचा आणि दसऱ्याच्या कार्यक्रमात तुला दीड तास बसायचं होतं. मला तर तुझा चटई झटकण्याचा आवाजसुद्धा ओळखू यायचा. एकदा बाहेर कॉफी पिताना तू हळूच सांगितलंस की घरी बद्धकोनासनात, तळपाय जुळवून गुडघे बाजूला सोडून बसून दोन्ही गुडघ्यांवर आजोबांच्या कन्नड शब्दकोशाचे खंड ठेवतेस, गुडघे लवकर टेकावेत म्हणून. "मास्तरांना सांगशील तर बघ," म्हणालीस. तुझं गुपित फक्त मला माहीत आहे, या आनंदात मी आठवडाभर हवेत होतो. तुला अडवायला हवं होतं, हे सुचलंही नाही.

मग दसऱ्याआधी पंधरा दिवस तू सहज म्हणालीस, "बंगळूरचा मुलगा रविवारी बघायला येतोय. कंपनीत आहे. अप्पा तर आत्ताच जावई झाल्यासारखे बोलतात." तू हसत होतीस. मी पण हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बद्धकोनासनात मी तुझ्यामागे येऊन बसलो, एक तळवा तुझ्या पाठीवर, दुसरा डाव्या गुडघ्यावर. तू म्हणालीस, "नंजुंडा, आज डावीकडे हळू, तिथं काहीतरी धरलंय." मी म्हणालो, "कंपनीवाल्यासमोर पण असंच नाटक करणार का?" तू उत्तर द्यायला श्वास आत घेतलास. शर्वाणी, तळव्याला तो कळला. सहा महिन्यांत जे शिकलो होतो ते त्या क्षणी माझ्या हाताला स्पष्ट कळलं, की श्वास आत येतोय, थांबायचंय. आणि तरी मी गुडघ्यावर अंगाचा भार टाकला.

तू ओरडलीही नाहीस. नुसती चटई मुठीत धरलीस.

मास्तर धावत आले. "कोणी दाबलं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी हात ठेवला होता नुसता. ती घरी गुडघ्यांवर शब्दकोश ठेवते, त्यानं झालंय." मास्तर तुझ्यावर चिडले, "वीणा पळून चालली होती का, एवढी घाई?" आणि तू वेदनेनं पांढरी पडलेली असताना मान खाली घातलीस. तुला ते खरं वाटलं. तुझ्या अप्पांनी ते खंड रद्दीत दिले. दसऱ्याला तुझ्या जागी दुसरी मुलगी बसली. बंगळूरच्यांनी खुब्याचं ऐकलं आणि रविवार रद्द केला, आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं. राहू दे आता.

मास्तर म्हणाले, "सांधा घाबरलाय, त्याला जोर नको, श्वासानं समजवा," आणि मला रोज तुमच्या घरी पाठवलं. तीन महिने तू जमिनीवर पाठ टेकून, पोटऱ्या बाकावर ठेवून पडायचीस आणि मी आकडे मोजायचो. चारात श्वास आत, कमरेच्या मागे भरायचा. कॉफी फुंकल्यासारखा आठात बाहेर. शेवटी गुडघा आपणहून तीळभर बाजूला सरकायचा. पहिल्या आठवड्यात तू रडायचीस. नंतर मोजतामोजता झोप लागायची. मी लांब खुर्चीवर बसायचो. तुला वाटलं, संकोच. मला हात लावायची भीती वाटत होती. संक्रांतीला तू तीळगुळाचं एळ्ळु-बेल्ल दिलंस, "खा आणि गोड बोल" म्हणालीस. तीन महिने मी दुसरं काय करत होतो?

काल निघताना तुझ्या अप्पांनी मला दाराशी थांबवलं. "गुरुवारी तुझ्या वडिलांना घेऊन ये. तांबूल बदलून लग्न पक्कं करून टाकू. कॉलेज गेलं तर गेलं, पोराच्या हाताला गुण आहे." तुला त्यांनी आधीच विचारलंय आणि तू हो म्हणालीस, हेही सांगितलं. ज्यासाठी दोन वर्षं तळमळलो ते दाराशी उभं होतं आणि मला वर बघवेना. आज सकाळी मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चटया अंथर. माणसाला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत." गुरुवारच्या आत तुला कळावं म्हणून हे पत्र. तुझा होकार खुबा बरा करणाऱ्याला आहे; मोडणारा कोण ते माहीत नसताना दिलेला. तो परत घेतलास तर अप्पांना काय सांगायचं ते मी स्वतः येऊन सांगेन, तुला तोंड उघडावं लागणार नाही. व्यायाम मात्र सोडू नकोस. या आठवड्यापासून चारात आत, दहात बाहेर, आणि दहानंतर दोन आकडे नुसतं थांबायचं. गुडघा किती उतरायचा ते त्यालाच ठरवू दे. त्यावर वजन ठेवू नकोस, आणि कोणाला हात लावू देऊ नकोस. मलाही नाही.

तुझाच म्हणायचं की नाही, ते तुझ्यावर,
नंजुंड