गोलूची पहिली मॅच

प्रिय दामिनी,

मी इकडं मस्कतले बरा आहो, खोकलाही गेला. फोन लावला की गोलू तुझ्या हातून हिसकून घेते, त्याच्यासमोर हे बोलता येत नाही, म्हणून लिहून राहिलो.

कामठीच्या फुटबॉल फायनलले त्याले नेऊ का, असं तू विचारलं, अन् मी पुन्हा "अजून लहान आहे" म्हणालो. मागच्या वर्षीही हेच म्हटलं होतं. खरं सांगू? त्याची पहिली मॅच मलेच दाखवायची होती. पण याही वर्षी सुट्टी नाही भेटली वं.

तू घेऊन जाय. गोल झाला की फटाके फुटतात, त्याच्या कानात कापूस घालजो. टोपी विसरू नको. आईचे गुडघे कसे आहेत?

परवाच्या फोटोत तो तुझ्या कमरेच्या वर आलेला दिसला. मी त्याले अजून तेवढाच समजत होतो, जेवढा सोडून आलो.

गर्दीत त्याले काही दिसणार नाही. तुझ्या भावाले सांग, खांद्यावर घे म्हणा. पुढच्या वर्षी मी आलो, तरी तो माझ्या खांद्यावर मावणार नाही.

तुम्हा दोघांचा,
प्रफुल