उभकरी

१२ नोव्हें., बुध. मोरबी.
दुसरी पाळी. टाइल्सच्या धुळीने घसा बसलाय. गावच्या ग्रुपवर मेसेज आला, पुण्याच्या एक मॅडम नव्या शब्दांचा कोश करतायत, आंबेगाव-जुन्नरचे शब्द पाठवा. आईचा पाठवला. उभकरी. बिबट्या वाकलेल्या माणसावर पडतो, म्हणून खुरपताना एकाने नुसतं उभं राहून चौफेर बघायचं. तो उभकरी. आईनेच काढला शब्द, मग वावरातल्या सगळ्या बोलायला लागल्या.
बिबट्याने तिला नेलं त्या दिवशी ती एकटीच खुरपत होती. मी घरी असतो तर मीच उभा. मी इकडे पळून आलेलो.

१४, शुक्र.
मॅडमचा फोन. शब्द आवडला. पण नियम हाय. तीन गावांतली माणसं पाहिजेत, नात्यातली नकोत, आणि शब्द आपणहून बोलली पाहिजेत. "आईंचं नाव छापत नाही हं, फक्त शब्द येतो." म्हटलं चालेल. तेवढा राहिला तरी...

१६, रवि. सुट्टी.
कळंबचा दत्ता, अवसरीचा पप्या, घोडेगावचा सलूनवाला. तिघांना मॅडमचा नंबर दिला. वाक्य लिहून पाठवलं, हेच बोला. पप्या म्हणतो, "राव, बक्षीस बिबट्याला का तुला?"

२०, गुरु.
पचका. तिघांनी शब्दाला शब्द तेच वाक्य म्हटलं. दत्ताने तर कंसातलं पण वाचलं, 'इथं जरा खोकायचं.' मॅडम चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "शब्द खरा असेल हो. पण आता मी धरू काय?" जेवण गेलं नाही.
संध्याकाळी परत फोन. स्वतःच येतात म्हणे. खुरपणीत बसणार, कोणाला काही विचारणार नाहीत. कानावर आपोआप आला तर एक गाव तरी धरता येईल. नाहीतर सोडून देणार.

२३, रवि.
घरी वडिलांना, अप्पांना सांगितलं, मॅडमना शेजारच्या रानात घेऊन जा. ते म्हणाले, "माझ्याम्होरं बाया तो शब्द बोलत न्हाईत. तुझी आय गेल्यापासनं. मी दिसलो की नुसतं 'ए, तू बघ गं' म्हनत्यात."
मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं शब्द तिच्यासंगटच गेला.
अप्पाच म्हणाले, बांधापातूर नेतो, मागं फिरतो.

२ डिसें., मंगळ.
आज मॅडम रानात येणार, माझी पहिली पाळी. फोन लॉकरमध्ये. दोनदा फरशी हातातनं सुटली, सुपरवायझर बोलला. सुटल्यावर अप्पांना फोन.
"सोडलं बाबा मॅडमला. आत गेल्या. बाया वाकलेल्या व्हत्या."
विचारलं, उभं कोण होतं?
"बघितलं न्हाई. बांधावरनंच फिरलो."
मॅडमचा फोन अजून नाही.