दाण्याचा आवाज

गुरुवार, संध्याकाळ. मळमड्डी.

नात विद्या शेतकी कॉलेजात बियाण्यांवर लिहितेय, म्हणून आज तिच्या मॅडम घरी आल्या. बियाण्याची ज्वारी वाळली का ते दाणा दाढेखाली फोडून कळतं, एवढंच मी सांगितलं. मला आता कवळी. विद्यानं फोडला, मी आवाज ऐकला. दबका होता. म्हटलं, "अजून दोन उन्हं दे."

तिनं वहीत लिहिलं, "असं बायका म्हणतात."

मॅडम म्हणाल्या, "कुठल्या बायका? आजींचं नाव लिही की."

आनंदच झाला. दाण्याचा तो आवाज अजून कानात आहे. मॅडमनी नाव विचारलं तर मी म्हणाले, "अक्का."

विद्या हसली. "आजी, रेशनकार्डावरचं सांग गं."

मग आठवलं. गोदावरी.